किशोरवयातला सायनस: नाक धुताना नेमकं कुठे चुकतं

नाक चोंदणं, घशात कफ उतरणं, चेहरा जड वाटणं 12 आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो जुनाट सायनस असू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाक बंद म्हणून मूल तोंडाने श्वास घेतं, झोप मोडते, वर्गात लक्ष लागत नाही, वास गेल्याने जेवण बेचव होतं. घरी मात्र ‘आळशी झालाय’ एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून दर रविवारी झोप, अभ्यासातलं लक्ष, वास आणि खेळ यांना 0 ते 10 गुण मुलाकडूनच लिहून घ्या आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

आता नाक धुणं. अर्धा लिटर पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा. आरओचं पाणीसुद्धा उकळायचंच, कारण नळाच्या पाण्यातला एखादा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. कोमट झाल्यावर आयोडीन नसलेलं बारीक मीठ सपाट पाऊण छोटा चमचा (साधारण साडेचार ग्रॅम) आणि चिमूटभर खायचा सोडा विरघळवा. पाणी 24 तासांत वापरा, उरलेलं ओतून द्या.

बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करा, तोंड उघडं ठेवा आणि वरच्या नाकपुडीत जलनेतीच्या भांड्याची तोटी लावा. पाणी खालच्या नाकपुडीतून येईल. चुरचुरलं तर मीठ कमी-जास्त झालंय किंवा पाणी गार आहे. घशात उतरून ठसका लागला तर हनुवटी वर गेलीय. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं की कानात दडे बसतात. एकेक बाजू हळूच शिंकरायची. नाक पूर्ण बंद असेल तर जोर लावू नका.

डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे त्यानंतर 10-15 मिनिटांनी. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक डाव्या कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं, जोरात ओढला की घशात जातो. गुण यायला दोनेक आठवडे लागतात. बहुतेकजण त्याआधीच सोडून देतात. नाक झटपट मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांवर नकोत, नंतर नाक उलट जास्त चोंदतं.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, तापासोबत तीव्र डोकेदुखी किंवा मान आखडणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वयात येणाऱ्या मुलाची एकच नाकपुडी सतत बंद आणि वारंवार घोळणा फुटत असेल, तर सायनस समजून थांबू नका. त्या वयात नाकामागे रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, ती तज्ज्ञांकडूनच तपासून घ्यावी लागते.