केनियातील ग्रामीण मंडळ्यांच्या भेटीची तयारी नागपुरातून कशी करावी

नागपूरच्या ख्रिस्ती समाजाला मिशनरी येण्याचा अनुभव जुना आहे. स्वतः मिशनवर जाण्याचा सराव मात्र कमी. त्यामुळे गट ठरला की लगेच तिकिटांची चौकशी सुरू होते आणि ज्यांच्याकडे जायचे त्यांना काय हवे आहे, हे विचारणे शेवटपर्यंत राहून जाते. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप मराठी शिकले आणि गोंडांची गीतेही त्यांनी टिपून ठेवली. दोन आठवड्यांच्या भेटीत तेवढे जमणार नाही. निदान विचारून जाणे तरी जमते.

म्हणून सुरुवात यजमानापासून करावी, तीही आठ-नऊ महिने आधी. आपली मंडळी (म्हणजे स्थानिक चर्चचा समुदाय) चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल तर नाते शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९७० मध्ये नागपुरातच सहा चर्चसंस्थांच्या ऐक्यातून हे चर्च स्थापन झाले आणि त्यांत अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन अशा दोन्ही परंपरा होत्या. केनियातही अँग्लिकन चर्च आहे आणि स्कॉटिश मिशनमधून उभे राहिलेले प्रेस्बिटेरियन चर्चही आहे. पाळकसाहेबांमार्फत बिशप कार्यालयाचे परिचयपत्र घ्यावे व तिकडच्या चर्चच्या कार्यालयाकडे रीतसर लिहावे. पत्रात आपण काय देऊ शकतो याची यादी देऊ नये. त्यांच्या ग्रामीण मंडळ्यांत सध्या कोणते काम चालू आहे आणि त्यात पाहुण्यांचा उपयोग होईल का, एवढेच विचारावे. उत्तर अनेकदा अनपेक्षित येते. आपण छप्पर घालून देण्याच्या तयारीत असतो आणि त्यांना शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या) शिक्षिकांसाठी चार दिवसांचा वर्ग हवा असतो. तसे असेल तर वर्गच घ्यावा.

गट सहा-आठ जणांचाच असावा. खेड्यातले यजमान पाहुण्यांसाठी स्वतःची खाट रिकामी करतात, कोंबडी कापतात. पंधरा जण गेलो तर त्या घरावर लग्नाचा खर्च पडतो.

तारखा ठरवताना विदर्भाला एक सोय आहे. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे असतो आणि त्या काळात कच्चे रस्ते चिखलाने बंद पडतात. मे महिन्याची सुट्टी म्हणून तेव्हाच निघणे चुकीचे ठरते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा गटात शिक्षक व विद्यार्थी असतील तर जूनचे पहिले तीन आठवडे सोयीचे पडतात. एवढे लक्षात ठेवावे की तिकडच्या उंच भागांत जून-जुलै हे थंडीचे महिने आहेत. नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना बॅगेत स्वेटर भरणे विचित्र वाटते, तरी तो भरावाच.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे. अर्जात भेटीचे कारण खरे लिहावे आणि धार्मिक कामासाठी वेगळा परवाना लागेल का, हे यजमान चर्चकडून आधीच विचारून घ्यावे. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस मात्र अनेक जण विसरतात, कारण तिचे प्रमाणपत्र जाताना नव्हे, भारतात परतताना विमानतळावर मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि एकदा मिळाले की आयुष्यभर चालते.

सामानात जुने कपडे नेऊ नयेत. केनियाच्या बाजारांत परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीगच्या ढीग असतात, त्यांना तिथे मितुंबा म्हणतात; त्यात आपल्या गाठोड्याची भर नको. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवरही २०१७ पासून तेथे कडक बंदी आहे, म्हणून चिवड्याची पाकिटे कापडी पिशवीत घालावीत. भजनासाठी पेटी (हार्मोनियम) नेण्याचा मोह होतो, पण टाळांचा एक जोड पुरतो आणि निघताना तो भेट म्हणून देताही येतो.

जाण्यापूर्वी स्वाहिलीतली चार वाक्ये पाठ करावीत. मंडळीपुढे उभे राहून ‘ब्वाना आसिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो, एवढे म्हटले तरी सगळे हसून उत्तर देतात. उपदेश देणाऱ्याने लहान वाक्यांचा सराव करावा, कारण प्रत्येक वाक्य दुभाष्याकडून पुढे जाते, कधी इंग्रजीतून स्वाहिलीत आणि तिथून गावच्या भाषेत. वीस मिनिटांचा मजकूर तासभर चालतो. जेवणात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली येते. ती हाताने तोडून, गोळा करून, मधे अंगठ्याने खळगा पाडून त्यात भाजी उचलतात. ज्वारीची भाकरी मोडणाऱ्या हाताला हे लवकर जमते.

उपासनेनंतर कधी अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, आपल्याकडे कापणीच्या सणाला होतो तसाच: अंडी, केळ्यांचा घड, एखादी कोंबडी. पाहुण्यांनी इथे बोली चढवत नेऊ नये. डझनभर अंडी वाजवी किमतीत घ्यावीत आणि मागच्या बाकावरच्या आजीला द्यावीत.

पैशांची बाब सर्वांत नाजूक. रोख रक्कम कोणा एकाच्या हातात देऊ नये. खेड्यांतही एम-पेसा हे मोबाइल पाकीट चालते, तरी मदत चर्चच्या खात्यात, पावती घेऊनच जमा करावी. प्रवासखर्च प्रत्येकाने स्वतः करावा हे उत्तम. नोंदणीकृत ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च करायचा असेल तर आयकर सवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, त्यामुळे आधी सनदी लेखापालाला विचारावे.

व्हिक्टोरिया सरोवराभोवती किंवा किनारपट्टीवर राहणार असाल तर मलेरियाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी. परतल्यावर ती लगेच बंद करू नये. उदाहरणार्थ, डॉक्सिसायक्लिन ही गोळी परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. पावसाळ्यात नागपुरात ताप आला की डॉक्टरांना आधी डेंग्यू आठवतो, म्हणून तपासणीच्या वेळी ‘मी नुकताच केनियाहून आलो आहे’ हे वाक्य पहिल्यांदा सांगावे.