पासपोर्टावरील ईसीआर शेरा कसा काढून घेतला

चोपडा तालुक्यातील माझा पुतण्या वेल्डर म्हणून कतारला निघाला होता. परंतु पासपोर्टाचा अर्ज भरणाऱ्या दलालाने दहावीचे प्रमाणपत्र न जोडल्याने, तो उत्तीर्ण असूनही पासपोर्टावर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) हा शेरा आला. दहावी उत्तीर्णांना हा शेरा लागत नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार असा शेरा असणाऱ्यांना कतार, ओमान, सौदी अरेबिया आदी १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. “काका, नोकरी लावणारा एजंट म्हणतो, व्हिजिट व्हिसावर निघून जा,” असे तो म्हणाला, तेव्हा मी त्याला साफ थांबवले. कारण त्या व्हिसावर काम करणे बेकायदा ठरते आणि मालकाने पगार बुडवला तर दाद मागायला हातात करारही नसतो.

शेरा वगळण्याचे कारण दाखवून आम्ही पासपोर्ट पुन्हा मिळण्यासाठी ऑनलाइन अर्ज केला आणि मूळ प्रमाणपत्र छायाप्रतीसह पासपोर्ट सेवा केंद्रात नेले. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, तर पासपोर्टावर वेगळ्या रकान्यात असते. तरी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळत असल्याने हरकत निघाली नाही. नवा पासपोर्ट शेऱ्याविना आला. त्या एजंटाचे नाव मात्र परदेशी नोकरीसाठीच्या ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरील नोंदणीकृत एजंटांच्या यादीत सापडले नाही, म्हणून त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवला.