ई-सायकल घेताय? आधी कागद, मग गाडी

क्लासला जाणाऱ्या मुलासाठी ई-सायकल बघायला गेलात की दुकानदार सांगतो, "हिला लायसन्स लागत नाही." हे प्रत्येक गाडीला लागू नाही. म्हणून आधी कागद मागा. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता, एवढं असेल तरच ती कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. एक अट जरी चुकली तरी नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळं आलं. "वेग वाढवून देतो, चाळीसने पळेल" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. अशी गाडी अल्पवयीन मुलाने चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग प्रकार ठरवा. पेडल-असिस्टमध्ये पाय मारला तरच मोटर जोर देते, थ्रॉटलमध्ये मूठ पिळली की गाडी निघते. मुलांसाठी मी पेडल-असिस्टच सुचवेन. मोटर चाकात असेल तर सपाट तापीकाठी काही अडत नाही. तोरणमाळसारख्या घाटात मात्र पेडलजवळची मोटर बरी, ती महाग असली तरी. आपल्याकडे बाभळीचे काटे फार. मागच्या चाकात मोटर असली की पंक्चर काढायला चाक उतरवताना आधी वायरचं कनेक्टर सोडवावं लागतं. ते कसं सुटतं हे दुकानातच बघून घ्या, नाहीतर पंक्चरवाला वायर ओढतो.

घेण्याआधी एक फेरी मारा. पाय थांबवले की मोटर थांबली पाहिजे, पंचविशीजवळ जोर ओसरला पाहिजे. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

रस्त्यावर डाव्या कडेने चालवा. सुरत-नागपूर महामार्गावर ट्रकांच्या रांगेत शिरू नका, सर्व्हिस रोड किंवा गावातला रस्ता धरा. हेल्मेटची सक्ती नसली तरी मुलाच्या डोक्यावर ते असूच द्या.

आणि उन्हाळा! जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि बहुतेक लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादाही साधारण तेवढीच असते. दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नका. बॅटरी काढून सावलीत निवू द्या, रात्री किंवा पहाटे लावा. कंपनीने दिलेलाच चार्जर वापरा. बॅटरी फुगलेली दिसली किंवा वास आला तर चार्जिंग तिथेच बंद करा आणि ती घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवा.