हाताने केलेला कॉल आणि वसंतातली टर्की: या चुका टाळा

आपण मादीचा आवाज काढतो, नर टर्की उत्तर देतो, जवळ येतो आणि ६०-७० यार्डांवर थांबतो. पिसारा फुलवून तिथेच येरझाऱ्या घालतो, गॉबल करत, म्हणजे नराची आरोळी देत राहतो आणि वीस मिनिटांनी निघून जातो. इथे पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या शिकारीला नव्याने जाऊ लागलेल्या माणसांकडून मी ही तक्रार दरवर्षी ऐकतो. कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायचं साधन, स्वतःच्या हाताने केलेला असला की सगळा दोष त्याच्याच माथी बसतो. माणूस घरी येऊन कॉलची पाटी घासतो, तिच्यावर ओढायची काडी म्हणजे स्ट्रायकर बदलतो, नाहीतर पॉट, म्हणजे कॉलची लाकडी वाटी, उघडून बसतो.

दोष बहुधा कॉलमध्ये नसतो. रानात नर एका जागी उभा राहून ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो, म्हणजे त्याची रीतच उलटी करायला सांगतो. तो थांबतो, कारण त्याच्या हिशेबाने पुढची पावलं आता तिने टाकायची असतात. हे ध्यानात ठेवलं की खालच्या बऱ्याच चुका का होतात ते कळतं.

सतत बोलावणं

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ही. नराने उत्तर दिलं की आपल्याला आनंद होतो, आपण पुन्हा येल्प, म्हणजे मादीची हाक, करतो, तो पुन्हा उत्तर देतो. हा खेळ अर्धा तास चालतो, पण नर जागचा हलत नाही. हलेल कशाला? इतकी आतुर मादी आपणहून येणारच, अशी आपणच त्याची खात्री करून दिलेली असते.

दोन वर्षांपूर्वी ओकच्या उतारावर एक नर माझ्यासमोर असाच अडून बसला होता. मी पॉट मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने बाजूचा पाचोळा खरवडला: एकदा, थांबून लागोपाठ दोनदा, मग शांत. दाणे टिपणारी मादी पाला उकरते तेव्हा असाच आवाज येतो. त्यानंतर मी काहीच केलं नाही. अर्ध्या तासाने तो गॉबल न करता, अगदी मुकाट्याने, डावीकडच्या झुडपांतून आला. तो गप्प झाल्यावर मी उठलो असतो तर त्याने मला आधी पाहिलं असतं. म्हणून नर गप्प झाला की घड्याळ लावून आणखी निदान ४० मिनिटं बसावं. टर्कीचं नाक मंद असतं, पण नजरेला तोड नाही, आणि रंगही तिला दिसतात. गुडघ्यावरून हात उचलला तरी तिला कळतं.

पहाटे नर अजून झाडावर असतो तेव्हाही हीच चूक होते. टर्की रात्र झाडावर काढते आणि फटफटल्यावर खाली उतरते. तो फांदीवर असताना मोठमोठ्याने येल्प केले तर तो वरच बसून मादी झाडाखाली यायची वाट पाहतो. अशा वेळी दोन-तीन अगदी मऊ येल्प पुरतात, झोपेतून उठल्यासारखे. तो कुठे आहे एवढंच हवं असेल तर मादीचा आवाज काढूच नये. घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज द्यावा. नर दचकून गॉबल करतो आणि जागा सांगून मोकळा होतो.

पहाटे काही जमलं नाही म्हणून आठ वाजता घरी परतणं, हीसुद्धा चूकच. सकाळी नराभोवती खऱ्या माद्या असतात आणि त्यांच्यापुढे आपल्या लाकडी वाटीचं काही चालत नाही. पण अंड्यांचे दिवस आले की माद्या नऊ-दहाच्या सुमारास घरट्याकडे जातात आणि नर एकटा पडतो. माझे बरेचसे नर दहा ते बारा या वेळातले आहेत. पेनसिल्व्हेनियात हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दुपारी बारापर्यंतच शिकार करता येते, त्यामुळे हे दोन तास झोपेत घालवू नयेत.

पॉट कॉल: आवाज का बसतो

पॉट कॉल म्हणजे लेथवर कातलेली लाकडाची पसरट वाटी. तोंडावर पाटीची गोल चकती, तिच्याखाली थोडी जागा सोडून काचेची दुसरी चकती आणि तळाला भोकं. वरची पाटी म्हणजे आपण शाळेत ज्या दगडाच्या पाटीवर अक्षरं गिरवली तोच दगड. ओल्या बोटाने पुसलेल्या पाटीवर पेन्सिल कशी घसरायची, आठवतं? पॉट कॉलचे निम्मे रोग तिथेच आहेत.

बोटाचं तेल पाटीला लागलं की स्ट्रायकर घसरतो आणि आवाज तुटतो. पृष्ठभागावर अंगठा फिरवून बघायची सवय मोडा. दुकानात कॉल बघतानाही लोक तेच करतात. पाटीला भांड्यांच्या हिरव्या घासणीने एकाच दिशेने हलकं घासावं. काचेला जाड पॉलिश पेपर लागतो, ८० ते १२० नंबरचा. ओरखडे ज्या दिशेने पडले त्यांना आडवा स्ट्रायकर ओढावा. पाटीची भुकटी फुंकून काढावी, हाताने पुसू नये.

पाटी स्वच्छ असूनही आवाज चिरकत असेल तर स्ट्रायकरचं टोक बघा. भुकटी बसून ते गुळगुळीत, चकचकीत होतं. पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा फिरवलं की पकड परत येते. नवशिके पाटीवर तासभर मेहनत करतात आणि टोकाकडे बघतही नाहीत.

धरण्यातली चूक याहून साधी. पॉट तळव्यात दाबून धरला की तळाची भोकं बंद होतात आणि आवाज आतच कोंडतो. तो बोटांच्या टोकांवर, तळव्यापासून उचलून धरावा. स्ट्रायकर पेन्सिलीसारखा, जरा तिरका. कडेच्या जवळ लहान लंबगोल काढावेत आणि दोन येल्पच्या मध्ये टोक पाटीवरून उचलू नये. येल्पमध्ये दोन सूर असतात: आधी उंच आणि स्वच्छ, मग खाली उतरणारा खरखरीत. दाब वाढवून हे साधत नाही. दाब तसाच ठेवून रेघेची लांबी बदलावी.

आता घडणीबद्दल. मी अक्रोड आणि चेरी वापरतो, सिडरही चांगलं. आमच्या घरी सुतारकाम होतं, त्यामुळे लाकडाची ओळख जुनी, तरीही पहिले पाच-सहा पॉट बहिरे निघाले. कारण गोंद. चकती घट्ट बसावी म्हणून मी कडेला आणि आतल्या चकतीला आधार देणाऱ्या खांबावर सढळ हाताने गोंद लावत होतो, आणि कंप पावायला हवं तेच मी जखडून टाकत होतो. बारीक रेघेइतका गोंद पुरतो. लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, नाहीतर वाटी नंतर वाकडी होते आणि चकती एका बाजूने सुटते. दोन चकत्यांमधलं अंतर बदललं की सूर बदलतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वाटीच्या तळाला मापं लिहून ठेवा. मापं न लिहिल्यामुळे माझा सगळ्यात गोड वाजणारा पॉट मला पुन्हा करता आला नाही, याची हळहळ आजही आहे.

बॉक्स कॉल

लाकडी पेटीवर वक्र झाकण घासायचं, एवढंच हे यंत्र. अर्कान्सॉच्या हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि आजही त्यात फार फरक पडलेला नाही. इथली घातक चूक म्हणजे झाकणाच्या खालच्या बाजूला पॉलिश पेपर मारणं. आवाज त्या वक्रतेतच असतो, आणि ती घासली गेली की कॉल संपला. खडू लावावा, तोही तेल नसलेला. सुताराच्या दोऱ्याला लावतात ती निळी भुकटी नको. झाकणाचा स्क्रू फिरवायचा मोह आवरावा. चालताना पेटी खिशात आपोआप किरकिरते, म्हणून तिला रबर बँड लावून ठेवावा.

पावसात पाटी आणि पेटी दोन्ही मुकी होतात. पेटी ब्रेडच्या प्लॅस्टिक पिशवीत हात घालून वाजवायची जुनी युक्ती इथे आहे, ती चालते. मी मात्र पावसाळी दिवशी हाडाचा कॉल नेतो. टर्कीच्या पंखातली तीन हाडं एकात एक बसवून तो होतो. अरुंद टोक ओठांत धरून हवा आत ओढायची, फुंकायची नाही. फुंकल्यामुळेच बहुतेकांचा तो वाजत नाही. आतली मज्जा पूर्ण काढली नसेल तर वास येतो आणि सांधे सुटतात.

अंतर

मोठा पक्षी ४० यार्डांपलीकडेही जवळ वाटतो. हंगामाआधी आपल्याच बंदुकीने, आपल्याच काडतुसाने कागदावर छर्रे कसे पसरतात ते बघा आणि तेवढ्याच अंतरावर थांबा. नेम डोकं आणि मान यांवर. धडावर मारलेला पक्षी जखमी होऊन जातो आणि रानात कुठेतरी मरतो. हे मला कधीच सहन झालेलं नाही.

जिथे चूक करायला जागाच नाही

भारतात १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे, म्हणून मराठी मित्र मला इथल्या शिकारीबद्दल खोदून विचारतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी अमेरिकेतल्या कित्येक राज्यांतून नाहीसा झाला होता. १९५० च्या दशकापासून जाळी उडवून पकडलेले पक्षी रिकाम्या रानांत नेऊन सोडले गेले. त्या कामाचा मोठा पैसा शिकारीच्या परवान्यांतून आणि बंदुका-काडतुसांवरच्या, १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या करातून आला. त्यामुळे इथे नियम पाळणं हा पक्षी राखण्याचाच भाग आहे.

त्यांतला एक नियम माणसांसाठी आहे. १६१२ मध्ये मुघल बादशहा जहांगीराच्या मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून आणलेल्या नजराण्यांत एक टर्की होता. जहांगीराने दरबारी चित्रकार मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं आणि आपल्या आठवणींत नोंदवलं की याचं डोकं आणि मान सरड्यासारखी रंग बदलतात: कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी निळी. हेच तीन रंग वसंतात अंगावर घालून रानात जाऊ नका. टोपीची कड, मोजे, खिशातला रुमालसुद्धा नको. झुडपाआड मादीचा आवाज आणि लाल-पांढरी हालचाल एकत्र आली की दुसऱ्या शिकाऱ्याचं मन टर्कीच रंगवतं.

खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसा, म्हणजे पाठीमागून धोका नाही. गॉबलचा आवाज ऐकून त्या दिशेने दबकत जाऊ नका. पेनसिल्व्हेनियात वसंतात तसं जाणं कायद्यानेच मना आहे. तो आवाज माणूसही काढत असू शकतो, म्हणून सार्वजनिक रानात स्वतः नराचा कॉल वाजवू नका. दुसरा शिकारी आपल्याकडे येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाजही काढू नका. जागेवरूनच मोठ्याने माणसासारखं बोला, आणि तो थांबून उत्तर देईपर्यंत हलू नका.

पक्षी मिळाला की तो उघडा खांद्यावर टाकून निघू नका. पंख चालताना हलतात आणि डोकं लोंबतं. चटक नारिंगी कापडात तो पूर्ण गुंडाळा, तसंच कापड आपल्या डोक्याला बांधा आणि मगच झाडापासून उठा.