मंगळावरच्या घरात राहायला निघालात? निदान या चुका टाळा

अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात, हँक्सव्हिलजवळ, मार्स सोसायटीचं एमडीआरएस नावाचं केंद्र आहे. सहा-सात जणांची तुकडी तिथे साधारण दोन आठवडे मंगळावर असल्यासारखी राहते. तिथे अर्ज करायची स्वप्नं बघणारी बडोद्याची मुलं रंगीत तालीम म्हणून शनिवार-रविवार आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेतात. मी खाली बसून ‘पृथ्वी’ होतो. तुकडी बदलते, चुका त्याच. स्पेससूटमधला फोटो सगळ्यांना हवा असतो, भांडी कोण घासणार हे कोणी ठरवूनच आलेलं नसतं.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे व्हॉट्सॲपसारखे तुटक निरोप. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. हवाईत माउना लोआ ज्वालामुखीवरच्या हाय-सीज या अशाच केंद्रात एका बाजूचा २० मिनिटांचा उशीर ठेवत, मीही तोच ठेवतो. एकदा रात्री साडेआठला वरून निरोप निघाला, ‘पाणी येत नाहीये.’ बस, एवढाच! मी विचारलं, कुठल्या नळाला? माझा प्रश्न त्यांना मिळाला नऊ दहाला. उत्तर, ‘किचनच्या.’ मी विचारलं, बाथरूमला येतंय का? तोवर नऊ पन्नास. उत्तर, ‘हो.’ सिंकखालचा कॉक बघा, हे माझं वाक्य वर पोचेपर्यंत साडेदहा झाले. दुपारी फिल्टर धुताना कोणीतरी कॉक बंद करून तसाच विसरला होता. खिचडी भिजलेली, पोरं उपाशी, आणि राग माझ्यावर!

निरोप आधी कागदावर पेन्सिलीने लिहायचा, असा माझा दंडक आहे. काय दिसतंय, कधीपासून, काय करून पाहिलं, उत्तर आलं नाही तर आम्ही पुढे काय करणार, आणि तुमच्याकडून नेमकं काय हवंय. सोबत फोटो. ‘एवढं कोण लिहीत बसणार?’ म्हणणारा तासाभराने स्वतःच वही मागतो.

दुसरी चूक स्वयंपाकघरातली. एमडीआरएसमधलं बहुतेक जेवण सुकवलेलं असतं. भाज्या, कांदा, अंड्याची पावडर. उतावळे लोक गरम पाणी ओततात, दोन मिनिटांत चाखतात, कडक लागलं की आणखी पाणी ओततात. मग भाजीचं पाणचट सूप होतं आणि वाटाणा आतून खडाच राहतो. मी पाणी मापाने घालतो, झाकण ठेवतो आणि पंधरा मिनिटं तिकडे फिरकत नाही. मोहरी-मिरचीची खमंग फोडणीही नको, बंद खोलीत सगळे खोकत बसतात आणि धुराचा अलार्म बोंबलतो. ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, पाणी बरंच वाचतं. आणि आपला बडोद्याचा लीला चिवडा पहिल्याच रात्री संपवू नका. त्यावरून झालेली भांडणं मी सोडवत नाही.

एअरलॉकमध्ये, म्हणजे बाहेर पडण्याआधीच्या बंद खोलीत, दाब उतरायची म्हणून ठरलेली मिनिटं पूर्ण थांबा. ‘कोण बघतंय?’ म्हणणाऱ्याने घरीच राहावं. हेल्मेटला हवा देणाऱ्या पंख्याची बॅटरी आदल्या रात्री चार्ज करा, नाहीतर काच धुरकट होऊन समोरचा दगडही दिसणार नाही. सूट चढवण्याआधी बाथरूमला जाऊन या, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कोणीतरी विसरतोच.

दुसऱ्या दिवशीच ‘सर, बोअर होतंय’ म्हणणाऱ्यांना मी मॉस्कोच्या मार्स-५०० या कोंडून राहण्याच्या प्रयोगाचे ५२० दिवस सांगतो. नासाच्या चपिया मोहिमेत चौघं २०२३-२४मध्ये ३७८ दिवस एका घरात राहिले, तेही सांगतो. मग हातात झाडू देतो.

मात्र खरोखर पाय मुरगळला, भाजलं, धूर दिसला, तर नाटक तिथेच थांबवायचं. हेल्मेट काढून मोठ्याने हाक मारायची, २० मिनिटांचा नियम गेला खड्ड्यात. ‘सिम (म्हणजे हे मंगळाचं नाटक) मोडेल’ म्हणून सुजलेला घोटा लपवणाऱ्याला मी पुन्हा जिना चढू देत नाही.