कॉलेजची टीबी मोहीम राष्ट्रीय अभियानाला कशी जोडायची (आमच्या चुकांसकट)

आमच्या एनएसएस युनिटने पहिल्या वर्षी टीबीवर मोहीम केली तेव्हा रॅली झाली, पथनाट्य झालं, दत्तक गावात घरोघरी फिरून बरेच दिवस खोकला असलेले १९ जण पण सापडले, आणि आम्ही काय केलं तर प्रत्येकाच्या हातात कॉलेजच्या लेटरहेडवरची चिठ्ठी दिली, सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या म्हणून. त्या १९ जणांचं पुढे काय झालं ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. कोणी गेलं का, गेलं तर ती चिठ्ठी कोणी वाचली का, काहीच पत्ता नाही. फोटो मात्र भरपूर आले.

तर ज्यांना आपली मोहीम प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियानात सामील करायची आहे त्यांनी एवढं धरून चला की बॅनरवर आणखी एक लोगो वाढवला म्हणजे सामील झालो असं होत नाही. तुम्ही शोधलेला माणूस सरकारी टीबी कार्यक्रमाच्या रजिस्टरमध्ये चढला आणि मग निक्षय पोर्टलवर (टीबी रुग्णांची नोंद ठेवणारी सरकारी वेबसाइट) दिसला, तर तुमचं काम धरलं जातं. बाकी सगळं सजावट.

सुरुवात कुठून करायची? दिल्लीला मेल करू नका, आम्ही केला होता. टीबीच्या कार्यक्रमात तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे तालुक्याचा एसटीएस, म्हणजे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, जो दिवसभर टू-व्हीलरवर गावोगाव हिंडत असतो आणि ज्याला कुठल्या घरात कोणाची गोळी चालू आहे हे तोंडपाठ असतं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात विचारा, नंबर मिळतो. आधी त्याला भेटा, चहा प्या, त्याला काय हवंय ते ऐका, आणि मग प्राचार्यांच्या सहीचं पत्र जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या नावाने द्या. पत्रात जागतिक क्षयरोग दिनाचं महत्त्व वगैरे निबंध नको, किती मुलं, कोणतं गाव, कोणत्या तारखा, आणि मुलं काय करणार नाहीत (गोळ्या वाटणार नाहीत, पेशंटची यादी मागणार नाहीत) एवढंच लिहा. शेवटचं वाक्य वाचूनच अर्धी भीती जाते त्यांची.

मग तारखा जुळवा. कॉलेजला २४ सप्टेंबरचा एनएसएस दिन आठवतो, टीबीवाल्यांना २४ मार्चचा जागतिक क्षयरोग दिन, आणि मार्चमध्ये आपल्या परीक्षा डोक्यावर असतात, म्हणजे तेव्हा फक्त रॅलीच होणार. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतलं सात दिवसांचं निवासी शिबिर त्यांना देऊन टाका. २०२४ मध्ये ७ डिसेंबरला देशभरातल्या ३४७ जिल्ह्यांत १०० दिवसांची मोहीम सुरू झाली होती, ती संपली बरोबर २४ मार्चला, म्हणजे आपलं शिबिर आणि त्यांचा जोर एकाच वेळी. एनएसएसचे वर्षाला १२० तास तसेही भरायचेच असतात, ते घरोघरी सर्वेक्षणात भरले तर पीओ सर (एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी) पण खूश.

आता पोस्टर. आमच्या सिनियरांनी ठेवलेल्या चार्टवर "तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला" असं होतं. जुना निकष तो, आता दोन आठवडे धरतात. एक आठवडा किरकोळ वाटतो पण त्या एका आठवड्यात तो माणूस घरातल्या नातवावर खोकत असतो. म्हणून स्वतःचे पोस्टर छापायचे पैसे वाचवा, छापील साहित्य जिल्हा क्षयरोग केंद्रातून मागून घ्या, आणि तुमची अक्कल पथनाट्यात वापरा कारण तिथे सरकारी भाषा चालतच नाही. संध्याकाळचा बारीक ताप, भूक मरणं, वजन उतरणं, रात्री घाम, बेडक्यातून रक्त, हे गावच्या बोलीत सांगा. "टीबी हारेगा, देश जीतेगा" ही घोषणा आमच्या गावात पोरांनी म्हटली की म्हाताऱ्या नुसत्या हसायच्या.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते चिठ्ठीचं. घरोघरी फिरताना प्रत्येक गटात त्या वस्तीची आशाताई पाहिजेच, तिच्याशिवाय दार उघडतं पण तोंड उघडत नाही. संशयित सापडला की कॉलेजची चिठ्ठी नाही, टीबी कार्यक्रमाचाच फॉर्म, आणि तो आशाताई किंवा उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमच्या हातात. तपासणीच्या बेडक्याची डबी पण त्यांनीच द्यायची, मुलांनी थुंकी गोळा करायच्या भानगडीत पडू नये. मुलांचं काम फक्त नीट समजावणं, की थुंकी नको बेडका हवा, सकाळी उठल्यावर चूळ भरून, उघड्या हवेत, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला. डबीत नुसती लाळ गेली तर बेडक्यातला टीबी शोधणारं ट्रूनॅट मशीन (गोव्यात तयार होणारं, आपल्या शेजारचंच) कितीही भारी असलं तरी ते काय करणार बिचारं. दुसऱ्या वर्षी आम्ही रोज संध्याकाळी एसटीएसला फक्त आकडा पाठवायचो, आज इतके फॉर्म दिले, आणि तो उलट सांगायचा इतके पोचले. पहिल्या दोन दिवसांत निम्मेच पोचले होते. कारण साधं निघालं, मजुरी बुडते म्हणून लोक जात नव्हते, मग डब्या सकाळी सातच्या आत वस्तीवरूनच उचलायचं ठरलं.

ग्रामपंचायतीला यात ओढायचं असेल तर सरपंचांना टीबीमुक्त पंचायतीचा निकष सांगा. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी झालेली लागते आणि रुग्ण हजारी एकपेक्षा जास्त नकोत, शिवाय उपचाराच्या अटी वेगळ्या. दोन हजारांच्या गावात ६० तपासण्या आल्या, आणि तुमच्या शिबिरातून त्यातल्या बऱ्याच होऊ शकतात. पण "रुग्ण कमी दाखवा" असा सूर निघाला तर तिथेच थांबवा, निकषात तपासणीचा आकडा घातलाय तो त्यासाठीच.

निक्षय मित्र, म्हणजे टीबी पेशंटला दर महिन्याला पोषणाचं किट देणारा, व्हायचं असेल तर संस्थेच्या नावाने पोर्टलवर नोंदणी होते, किमान सहा महिन्यांसाठी पेशंट घ्यावा लागतो. महिन्याच्या किटमध्ये साधारण ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि दूध पावडर नाहीतर शेंगदाणे किलोभर. १०० मुलांनी महिन्याला २० रुपये काढले तर दोन-तीन पेशंट सहज होतात, पण पैसे सहा महिन्यांचे आधीच गोळा करा, उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी फोन उचलत नाही हे अनुभवाने सांगतोय. कोणी म्हणेल सरकार देतंय ना पैसे, तर हो, १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे महिना १००० झालेत, पण ते पेशंटच्या खात्यात, आणि खाणारी तोंडं घरात पाच-सहा. झारखंडमध्ये झालेल्या अभ्यासात पेशंटच्या घरच्यांनाही पोषण दिल्यावर त्यांच्यातला नवा टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला होता, त्यामुळे जमलं तर किट थोडं मोठंच करा.

आणि किट देतानाचा फोटो नको, म्हणजे नकोच. कोणाला मदत द्यायची हे पेशंटची संमती घेऊन टीबी कार्यक्रमाचेच लोक ठरवतात, तुम्हाला नाव कळायचीही गरज नाही. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर एका स्टेटसने तिचं काय होतं हे गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. रिपोर्टला फोटो हवाच असेल तर रिकाम्या डब्यांचा, रॅलीचा लावा. आमच्या पीओ सरांना हे पटवायला आठवडा लागला.

जाता जाता एक, थर्ड इयरची पोरं मेमध्ये निघून जातात आणि सगळे नंबर त्यांच्याच मोबाईलमध्ये असतात. परीक्षा सुरू व्हायच्या आधी सेकंड इयरच्या दोघांना घेऊन एसटीएस आणि आशाताईंना परत एकदा भेटून या, चालू असलेल्या किटचे कुठले महिने बाकी आहेत ते वहीत लिहून द्या, आणि वही पीओ सरांच्या कपाटात नको, त्या दोघांकडेच असू दे.