एक लॅपटॉप, तीस पोरं आणि गायब नेटवर्क: वर्गासाठी फुकटातली टूल्स

"सर, तुम्ही ते क्विझवालं कसं बनवता?" हा प्रश्न शिक्षण परिषदेत चहाच्या वेळेला इतक्यांदा येतो की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. आधीच सांगतो, माझ्या वर्गात काय आहे ते. एक जुना लॅपटॉप, एक प्रोजेक्टर (लोकवर्गणीतून आलेला), तीस पोरं, आणि नेटवर्क म्हणाल तर खिडकीच्या दुसऱ्या गजापाशी फोन धरला तर दोन काड्या. त्यामुळे खाली जे काय सांगतोय ते बहुतेक सगळं बिननेटचं चालणारं आहे. घरी किंवा तालुक्याला नेट असताना डाउनलोड करायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं, संपलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की गोंधळ होतो, आपल्याकडे बरंय, फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. कहूत किंवा प्लिकर्स (क्विझ घ्यायची टूल्स) काही मर्यादेपर्यंत फुकट आहेत, पण उद्या कंपनीने ती मर्यादा आणखी आवळली, तर आपण काही करू शकत नाही. लिब्रेऑफिस, जीकॉम्प्री, ओपनबोर्ड ही मुक्त आहेत, म्हणजे कॉपी करा, वाटा, दहा मशिनवर टाका, कुणी विचारणार नाही. आपल्या केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळांना द्यायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे, नाहीतर आपण एकाला शिकवतो आणि सहा महिन्यांनी त्याचा फोन येतो की सर, पैसे मागतंय.

सुरुवात लिब्रेऑफिस इम्प्रेसपासून करा. पॉवरपॉइंटचाच भाऊ म्हणा, २०१० मध्ये लिब्रेऑफिसने ओपनऑफिसपासून वेगळा संसार थाटला, त्यातलाच हा. यात नुसत्या स्लाइड पुढे ढकलायच्या नसतात, बटणं करता येतात, आणि तीच खरी मजा आहे. चौथीला अपूर्णांक घेताना मी काय करतो ते सांगतो. पहिल्या स्लाइडवर प्रश्न: १/३ मोठा की १/५ मोठा? खाली तीन चौकोन, '१/३', '१/५', 'दोन्ही सारखे'. मग आणखी तीन स्लाइड, प्रत्येक उत्तराची एक. आता चौकोनावर राइट क्लिक, 'इंटरॅक्शन', त्यात 'गो टू' वाला पर्याय निवडायचा आणि खालच्या यादीतून ती स्लाइड. झालं बटण. पण यादीत 'स्लाइड ६, स्लाइड ७' असंच दिसतं आणि आपण हमखास चुकतो, म्हणून आधी डावीकडच्या पट्टीत प्रत्येक स्लाइडला राइट क्लिक करून नाव द्या, 'भाकरी-चूक', 'भाकरी-बरोबर' असं काहीही. आणि स्लाइड डुप्लिकेट केली तर तिच्यावरची बटणं जुन्याच ठिकाणी नेतात, ती परत जोडायला विसरू नका.

आता यातली मेख. बटणाच्या बाहेर कुठेही क्लिक झालं की स्लाइड आपोआप पुढे जाते, आणि पुढची स्लाइड म्हणजे नेमकं उत्तर! पहिल्याच दिवशी माझं असं झालं, पोराचा माउस घसरला आणि 'शाब्बास' आलं, मग बाकीचे ओरडायला लागले की सर याने काहीच केलं नाही. तेव्हा 'स्लाइड शो' मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जा आणि क्लिकवर स्लाइड बदलण्याची जी टिक असते ती काढा. मग माउसने फक्त बटणंच चालतात.

चुकीच्या उत्तराच्या स्लाइडवर लाल फुली टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. पोरं १/५ का म्हणतात? कारण पाच हा तीनपेक्षा मोठा, त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ आहे. म्हणून माझ्या 'चूक' स्लाइडवर दोन भाकऱ्यांचं चित्र आहे, एकीचे तीन तुकडे, दुसरीचे पाच, आणि खाली एवढंच: 'भूक जास्त लागलीय, कुठला तुकडा घेशील?' आणि परत प्रश्नाकडे नेणारं बटण. ती स्लाइड बनवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि वर्गात सगळ्यात जास्त चर्चा तिच्यावरच होते. एकदा एक पोरगी म्हणाली, सर पण भाकरी लहान-मोठी असली तर? मी गप्पच. पुढच्या वर्षी स्लाइडवर 'दोन्ही भाकऱ्या सारख्याच' हे वाढवलं.

फॉन्टचं सांगायलाच हवं कारण निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्या मशिनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. सरळ युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत) टाइप करा, फॉन्ट मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले आणि मुक्त आहेत, जोडाक्षरं लांबून स्वच्छ दिसतात. लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट आणि साइज इंग्रजीपेक्षा वेगळ्या रकान्यात असतो, त्यामुळे लोक साइज वाढवतात, इंग्रजी आकडे मोठे होतात आणि मराठी तेवढंच राहतं, मग म्हणतात सॉफ्टवेअर बेकार आहे. टूल्स, ऑप्शन्स, तिथे भाषांच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' ला टिक करा आणि भाषा मराठी निवडा, मग कॅरेक्टरच्या खिडकीत तो रकाना दिसायला लागतो. आणि फाइल दुसरीकडे न्यायची असेल तर फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट, तिथे 'एम्बेड' ला टिक, म्हणजे फॉन्ट फाइलबरोबरच जातो.

विज्ञानाला फेट (PhET), म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, त्यांनाच सिम्युलेशन म्हणतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी. साइटवर प्रत्येक सिम्युलेशनच्या खाली भाषांतरांची यादी असते, बऱ्याच सिम्युलेशनचं मराठी मिळतं, डाउनलोड केलं की एकच एचटीएमएल फाइल येते आणि ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. विद्युत परिपथाचं आधी घ्या. वायर, बॅटरी, बल्ब ओढून जोडायचे. दोन टोकं थेट जोडली की बॅटरीला आग लागते, खरीखुरी ज्वाळा दिसते! आता पोरं मुद्दाम आगच लावत बसतात, तर लावू द्या दहा मिनिटं, मग विचारा की बल्ब मध्ये असताना का नाही लागली. अपूर्णांकांचंही आहे, भाकरीनंतर तेच लावतो.

एचफाइव्हपी (लिहितात H5P) हा क्लिक करून सोडवायचे स्वाध्याय बनवायचा, नॉर्वेतून आलेला मुक्त प्रकार, त्याच्यासाठी 'लुमी' नावाचं छोटं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका. यात जोड्या लावा, ओढून ठेवा, गाळलेल्या जागा, मधेच थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ असं बरंच करता येतं. प्रत्येक प्रकार पहिल्यांदा वापरताना तो नेटवरून उतरवून घ्यावा लागतो, तेवढं घरी उरका. गाळलेल्या जागा करायला सगळ्यात सोपं, वाक्य लिहायचं आणि उत्तराच्या दोन्ही बाजूंना तारा टाकायचा: 'महाराष्ट्राची राजधानी *मुंबई* आहे.' दोन उत्तरं चालणार असतील तर मध्ये तिरकी रेघ, *हिंदी/हिन्दी* असं. मराठीत हे फार लागतं, कारण पोरगं बरोबर लिहितं आणि मशिन चूक म्हणतं, अनुस्वार की अर्धा न एवढ्यावरून. छोट्या स्पेलिंगच्या चुका माफ करायची एक टिक पण आहे सेटिंगमध्ये, परिसर अभ्यासाला मी ती चालू ठेवतो, मराठीच्या तासाला बंद, तिथे ऱ्हस्व-दीर्घ सोडून कसं चालेल.

झालं की 'एक्सपोर्ट' करून एकच एचटीएमएल फाइल काढा, कुठल्याही मशिनवर चालते. व्हिडिओ टाकलात तर ती फाइल फार फुगते. मी मटकीला मोड येतानाचे फोनवर घेतलेले दोन दिवसांचे तुकडे जोडून टाकले होते, जुन्या लॅपटॉपने उघडायलाच एवढा वेळ घेतला की तेवढ्यात पोरांनी एक गाणं म्हणून घेतलं. लहान तुकडे, कमी क्वालिटी.

पहिली-दुसरीला जीकॉम्प्री टाकून मोकळे व्हा. फ्रेंचमध्ये 'मला समजलं' म्हणायला जे शब्द आहेत, त्यांच्यासारखाच या नावाचा उच्चार होतो. २००० सालापासून चालू आहे, शंभराहून जास्त खेळ, तराजूत वजनं टाकून तोल साधणं, घड्याळ लावणं, जोड्या शोधणं. बऱ्याच खेळांना भाषाच लागत नाही. माउस धरायला शिकवायचाय? हेच.

ओपनबोर्ड म्हणजे फुकटातला डिजिटल फळा. बालभारतीच्या साइटवरून पुस्तकाची पीडीएफ उतरवा, ओपनबोर्डमध्ये आणा आणि थेट पानावर लिहा. त्यातला पडदा मला फार आवडतो, नकाशा झाकून ठेवायचा आणि हळूहळू उघडायचा, नदी दिसली की ओरडायचं कुठली ते. कंपास, कोनमापकही आहेत, भूमितीला फळ्यावरच्या लाकडी कंपासचा खडू निसटण्यापेक्षा बरं.

कहूतसारखी टूल्स वाईट नाहीत, पण प्रत्येक पोराकडे किंवा गटाकडे फोन आणि नेट हवं, ते शहरातल्या शाळांनी बघावं. प्लिकर्सची आयडिया मात्र भारी आहे, पोरांच्या हातात कागदी कार्ड, ज्या बाजूने वर धरलं ते उत्तर, आणि बाईंनी आपल्या एकाच फोनने सगळा वर्ग स्कॅन करायचा. कार्डं प्रत्येकाची वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. नेटच नसेल तर मी चार रंगांच्या घोटीव कागदांची कार्डं वापरतो, तीन मोजले की सगळ्यांनी एकदम वर. स्लाइडवर बटण दाबायच्या आधी हे करा. कारण एका पोराने क्लिक केलं की बाकी एकोणतीस जण प्रेक्षक होतात, त्यांनी आधी काहीतरी ठरवलेलं असलं पाहिजे, लाल की निळा, आणि शेजाऱ्याशी थोडं भांडलेलंही.

शेवटचं, दोन-तीनशे रुपयांचा वायरलेस माउस घ्या. पुढे यायला लाजणारी पोरं जागेवरून हात वर करतात, माउस बाकावरून बाकावर फिरतो, मागच्या भिंतीपाशी बसणारी आमची एक पोरगी वर्षभर फळ्यापाशी आली नव्हती, माउस हातात आल्यावर तिने पहिल्यांदा बटण दाबलं आणि 'चूक' आलं तरी हसली. माउसचा सेल मात्र जास्तीचा टेबलाच्या खणात ठेवा, तो बरोब्बर तपासणीच्या दिवशी संपतो.